शुक्रवारी संध्याकाळी आमच्या आळीत

शुक्रवारी दुपारी आमच्या ऑफिसात कुणी ना कुणी बिर्याणी मागवतंच. मार्च महिन्यात मी ‘नको’ म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, "अगं, तुमच्यात पण उपास असतात?" विचारणाऱ्याचा दोष नाही. ख्रिस्ती म्हटलं की केक, वाइन आणि सांताक्लॉज एवढंच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येतं. गंमत अशी, की मी कंटेंट रायटर आहे. त्याच शुक्रवारी सकाळी वीकएंडच्या चिकन बिर्याणीवर तोंडाला पाणी सुटेल अशा चार ओळी मीच लिहून दिलेल्या असतात. पोट एकीकडे आणि पोटापाण्याचा उद्योग दुसरीकडे!

तर चला, आज तुम्हाला माझ्या गावी नेते. पश्चिम रेल्वेने वसई रोडला उतरा आणि पश्चिमेला बाहेर पडा. स्टेशनबाहेरच्या इमारती आणि रिक्षांची गर्दी पाहून ‘हीच का ती हिरवी वसई?’ असं वाटेल. थोडा धीर धरा. रिक्षा गिरिज, भुईगाव करत निर्मळच्या बाजूला निघाली की रस्ता अरुंद होतो, केळी-नारळाच्या वाड्या सुरू होतात, आणि आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसू लागतात. निर्मळला शंकराचार्यांचं मंदिर आहे आणि आमचं चर्चही. आम्ही चर्चला ‘देऊळ’च म्हणतो. घरात कादोडी बोलतो, देवळात प्रार्थना मराठीत करतो आणि ऑफिसात इंग्रजी झाडतो. माझी आजी तर लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकून वाढली. 1962 ते 1965 या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, त्यानंतर लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली. "आधी देवाला कळायचं, आता आम्हालाही कळतं," असं ती म्हणते.

लेंटला आमच्याकडे उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. कॅलेंडर घेऊन मोजायला बसलात तर दिवस 46 भरतील. मधले सहा रविवार वगळायचे, म्हणजे बरोबर 40. येशूने अरण्यात 40 दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. तारीख मात्र दरवर्षी बदलते, कारण ईस्टरही तुमच्या-आमच्या सणांसारखा चंद्रावर चालतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा त्याचा हिशोब.

राख कुठून येते, हे मला खूप आवडतं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, देवळात झावळ्या आशीर्वादित करतात. आम्ही त्या घरी आणून तसबिरीमागे खोचतो. आजी पात्यांचा विणून छोटा क्रूस करते. वर्षभर त्या तिथेच वाळतात. पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या तोंडावर त्या परत देवळात न्यायच्या. त्या जाळून जी राख होते, तीच बुधवारी कपाळावर लागते. तू मातीचा आहेस, मातीलाच मिळणार आहेस, हे फादर प्रत्येकाला आठवून देतात. पहाटेची मिस्सा उरकून मी तशीच लोकल पकडते. यंदा डब्यात एका काकूंनी कपाळाकडे बोट दाखवून मला रुमाल देऊ केला. "राहू द्या, मुद्दाम लावलंय," म्हटल्यावर त्या ओशाळल्या, आणि मग त्यांनी नालासोपाऱ्याच्या आपल्या ख्रिस्ती शेजारणीची सगळी कहाणी अंधेरीपर्यंत ऐकवली.

आता नियम. ते ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? 18 ते 59 वयाच्या माणसांनी दोन दिवस कडक उपवास करायचा, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा अगदी थोडं काहीतरी. बाकीच्या शुक्रवारी मांस वर्ज्य. हे चौदाव्या वर्षापासून पुढे. आजी चौऱ्याऐंशीची आहे, तिला कडक उपवास माफ. पण तिला ते कोण सांगणार? ती चाळीसही दिवस मांसाला शिवत नाही.

पळवाटा आमच्याकडेही आहेत. मासे नियमात मांस धरले जात नाहीत. मग काय, शुक्रवारी कुणाच्या घरातून पापलेट तळल्याचा वास येतो आणि उपवासही मोडलेला नसतो! ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कुणा एका धर्माची नाही, हे तुम्हाला त्या वासावरून कळेल. आजीच्या मते कोंबडीपेक्षा महाग मासा खाऊन केलेला उपवास म्हणजे देवाच्या डोळ्यांत धूळफेक. आमच्या घरी शुक्रवारी वालाचं बिरडं, शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि भात. फार झालं तर एखादा सुका बोंबील. वाचलेले पैसे दारामागच्या डब्यात पडतात आणि शेवटी गरिबांसाठी देवळात दिले जातात.

गावाचा आवाजही या दिवसांत बदलतो. एरवी लग्नसराईत आमच्याकडे ब्रास बँडशिवाय पान हलत नाही. उपवासकाळात लग्नं लावत नाहीत, त्यामुळे बँडवाले निवांत. देवळात फादरांचा झगा जांभळा, वेदीवर फुलं नाहीत, ‘आलेलुया’ म्हणायचं नाही. गाणीसुद्धा संथ. मराठीत ही कथा गाण्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधून गोव्यात आलेला जेझुइट धर्मगुरू. त्याचं सुमारे 11 हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापून निघालं. बीए इंग्लिशच्या तीन वर्षांत मला मिल्टन भेटला, स्टीफन्स नाही; तो नंतर माझा मीच शोधला.

पण तुम्ही खरोखर यायचं, तर शुक्रवारी संध्याकाळी या. तेव्हा आमच्या आळीत क्रुसाची वाट असते. येशूला मृत्युदंड झाला तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंत 14 प्रसंग, म्हणजे 14 स्थानं. देवळाच्या भिंतींवर ती असतातच. आळीत मात्र एकेका घराचं अंगण हे एकेक स्थान. ओट्याखाली छोटं टेबल, पांढरी चादर, दोन मेणबत्त्या. लाकडी क्रूस एका घराने दुसऱ्या घरापर्यंत वाहून न्यायचा. घरातलं कुणीतरी वाचन करतं, सगळे गुडघे टेकतात, मग गाणं म्हणत पुढचं अंगण. पोरं मागे मेणबत्तीचं मेण तळहातावर ओतून घेत असतात. मीही तेच करायचे.

पाचवं स्थान काकांच्या अंगणात. सहावं आमच्या.

इथे घरातली गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी वाडीच्या तुकड्यावरून बाबा आणि काकांचं बोलणं बंद झालं. काकांना जागा विकायची होती, बाबांना ठेवायची होती. कोण बरोबर, ते मी सांगणार नाही. केळीवर घर चालत नाही हे काकांचं म्हणणं खोटं नाही, आणि जमीन एकदा गेली की गेली हे बाबांचंही. वसईत आज अशी भांडणं घरोघरी आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी चळवळ उभारली, ती बाहेरून येणाऱ्या बुलडोझरविरुद्ध. सातबारावर शेजारी-शेजारी नावं असलेल्या दोन भावांमध्ये कोण पडणार? विहीर अजून सामाईक आहे. पंपाच्या वेळा आई आणि काकी आपसांत ठरवतात.

आजी सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. उपवासकाळ आला की ती बाबांना एकच विचारते, "यंदा काय सोडणार?" बाबा म्हणतात, "चहा." बाबांनी तीन वर्षं चहा सोडला. यंदा ती म्हणाली, "चहाने तुझं काय वाकडं केलंय?" बाबा उठून वाडीत गेले. मी त्या वेळी इन्स्टाग्राम सोडल्याची फुशारकी मारणार होते, ती गिळली.

तर गेली तीन वर्षं पाचव्या स्थानाला बाबा रस्त्यावरच उभे राहायचे, कुंपणाबाहेर. गाणं म्हणायचे, गुडघेही तिथेच डांबरावर टेकायचे. काकांकडून क्रूस घ्यायला आई जायची किंवा मी. आळीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं, आणि सगळे भलतीकडे बघायचे.

पाचव्या स्थानाची गोष्ट तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. शिमोन नावाचा कुरेने गावचा एक माणूस शेतावरून परतत असतो. शिपाई त्याला धरतात आणि येशूचा क्रूस वाहायला लावतात. तो काही आपणहून पुढे आलेला नसतो. (मी हे जुळवून आणलेलं नाही. स्थानं घरांच्या ओळीने येतात. आमची आळी दुसऱ्या टोकाने सुरू झाली असती तर काकांच्या वाट्याला भलतंच आलं असतं.)

यंदा झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा शुक्रवार. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. माझा चुलतभाऊ नोकरीसाठी कुवेतला. काकीने वाचन केलं. वाचन झालं, गाणं सुरू झालं, काकांनी क्रूस उचलायला हात घातला आणि एका बाजूला कलले. मी पुढे होईपर्यंत बाबा कुंपणाच्या आत आले होते. त्यांनी क्रुसाचा खालचा भाग धरला. वरचा काकांच्या खांद्यावर. काकांनी सोडला नाही, बाबांनीही नाही. दोघे तसेच काकांच्या अंगणातून आमच्या अंगणात आले. एरवी त्याला अर्धा मिनिट लागतं. काकांच्या गुडघ्यामुळे दोन कडवी संपून तिसरं सुरू झालं.

दोघे एक शब्द बोलले नाहीत. आमच्याकडचं वाचन आईचं होतं. वेरोनिका नावाची बाई गर्दीतून पुढे येऊन येशूचा चेहरा पुसते, ते स्थान. आईचा आवाज मध्येच बसला, तेव्हा पुढच्या ओळी आजीने खुर्चीत बसून पाठ म्हणून टाकल्या.

तुम्हाला वाटेल, मग सगळं मिटलं. नाही. वकिलाची तारीख आहे तशीच आहे. काका सातव्या स्थानाला पुढे न येता घरी गेले, पण ते गुडघ्यामुळे असेल.

पुढचा पवित्र आठवडा पाहायचा असेल तर गुरुवारपासून या. त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात. 2016 पासून पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने त्या बारांत बायकाही असू शकतात. त्या मिस्सेतल्या ‘ग्लोरिया’नंतर घंटा थांबतात, त्या शनिवारच्या रात्रीपर्यंत. शुक्रवारी मिस्सा नसते, दुपारी प्रार्थना आणि क्रुसाला वंदन. कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं. फक्त प्रसादाच्या रांगेत उभे राहू नका, तो कॅथलिकांसाठी असतो. आणि पापनिवेदनाच्या रांगेचे फोटो काढू नका. आजी त्याला अजून ‘कुमसार’ म्हणते. ती रांग पाहून तुम्हाला कळेल, की गावात तोंड न बघणारे किती जण एकाच बाकावर एकमेकांच्या मागे बसून आपल्या पाळीची वाट बघतात.

गुड फ्रायडेला आजीने दिवसभरात फक्त पेज घेतली. संध्याकाळी काकी मागच्या दाराने आली आणि स्टीलचा एक डबा ठेवून गेली. आत शेवग्याच्या शेंगांची आमटी. काकीने पाठवली की काकांनी, ते आईने विचारलं नाही. बाबांनी दोनदा वाढून घेतली आणि एकच पूर्ण जेवण असतं याची आजीने आठवण करून दिल्यावर थांबले.

डबा घासून ठेवला आहे. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आईने त्यात आमच्या वाडीतले वाल भरलेत. ईस्टर होऊन गेला. तो घेऊन कोण जाणार, यावर घरात अजून कुणी बोलत नाही. पण बाबांनी काल तो फडताळातून काढून पंपाच्या चावीशेजारी ठेवलेला मी पाहिला.