कुंपण नसलेला मळा

द्राक्षबागेतून हिंडावे, त्याच बागेचा रस जिथे आंबतो आणि मुरतो त्या टाक्यांच्या नि पिंपांच्या दालनातून फिरावे आणि शेवटी लहान लहान पेल्यांतून पाच-सहा चवी घेऊन परतावे, हा प्रवासाचा प्रकार महाराष्ट्रात रुजला त्याला फार काळ लोटलेला नाही. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फेसाळ वाइन काढली. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात सुला ही वाइनरी उभी केली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि दिंडोरी, इगतपुरीपासून थेट अकलूजपर्यंत वाइनरी दिसू लागल्या. रायपूरच्या तात्यापाऱ्यातले एखादे मराठी कुटुंब आज हावडा-मुंबई मार्गावरच्या गाडीने नाशिकरोडला उतरते, तेव्हा पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर यांच्या जोडीला एखाद्या द्राक्षमळ्याचा फेरफटकाही त्याच्या बेतात असू शकतो.

या फेरफटक्याचे सुख जितके चवीत आहे, तितकेच त्या चवीचे गाव ठाऊक होण्यात आहे. जमिनीचा कस, उताराची दिशा, पाण्याची ओढ, रात्रीचा गारवा आणि कसणाऱ्याचा हात या सगळ्यांचा मिळून जो ठसा पेयावर उमटतो, त्याला फ्रान्समध्ये तेरवार म्हणतात, आणि वाइनरीत आलेला पाहुणा वस्तुतः हा ठसा ओळखायला शिकत असतो. थंड देशांत हिवाळा वेलीला झोपवतो आणि वसंत तिला उठवतो; नाशिकच्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून माणसाला तिचे वर्ष कात्रीने पाडावे लागते. एप्रिलच्या खरड छाटणीत जुनी काडी काढून नवी वाढू दिली जाते, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी होते, तिच्यातून घड धरतो आणि युरोपातल्या वेली बर्फात उभ्या असतात त्या जानेवारी ते मार्चच्या दिवसांत इथली काढणी चालते. शिराझ काय, शेनिन ब्लांक काय, परदेशी जातींना दख्खनच्या मातीत बसवण्यासाठी केलेले हे कष्ट पाहण्यासारखे आहेत, आणि नाशिकला जाणाऱ्याने ते अवश्य पाहावेत.

मात्र रायपूरहून निघणाऱ्याने पश्चिमेची गाडी पकडण्यापूर्वी एकदा दक्षिणेच्या रस्त्याकडे पाहायला हवे. रायपूरच्या भोवतालचे मैदान भाताचे आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंचीचे, मे महिन्यात भाजून निघणारे आणि पावसाळ्यात बांधाबांधाला पाणी साठवणारे हे शिवार वाइनच्या द्राक्षाचे नव्हे. पण धमतरी, चारामा, कांकेर मागे टाकून केशकालचा वळणावळणाचा घाट चढला की बस्तरचे पठार लागते, त्याची उंची नाशिकच्या उंचीच्या जवळपास जाते, आणि तिथे पेयाचा एक संपूर्ण मुलूख पसरलेला आहे. त्याला कुंपण नाही, प्रवेशद्वारावर पाटी नाही, आणि त्याच्या झाडांना छाटणीची कात्री लावण्याची गरज कधी पडलेली नाही. मोह, सल्फी, शिंदी आणि ताड ही त्या मुलखाची मुख्य झाडे. भातापासून आंबवलेला लांदा हे त्याचे शेतातले पेय.

यांत मोहाचा मान पहिला. फाल्गुनात मोहाची पाने गळतात, उघड्या फांद्यांच्या टोकांशी तपकिरी लवदार कळ्यांचे झुपके धरतात, आणि मार्च-एप्रिलच्या पहाटे त्यांतून मांसल, फिकट पिवळसर, रसाने तटतटलेल्या पाकळ्यांची नळी एकेक करून सुटून खाली येते. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जे गळते तो फुलाचा दलपुंज, म्हणजे पाकळ्यांची एकसंध वाटी. स्त्रीकेसर, ज्यापासून फळ धरायचे, तो झाडावरच राहतो. त्यामुळे वेचणाऱ्याने शेवटचे फूल उचलले तरी झाडाच्या फळात उणे येत नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच फांद्यांवर फळे पिकून त्यांच्या बियांचे, म्हणजे टोरीचे, तेल निघते. माणसाने झाडाकडून काही घ्यावे आणि झाडाचे काहीच तुटू नये, अशी पिके जगात थोडी आहेत. द्राक्षाचा घड देठापासून कापावा लागतो. मोहाकडे मात्र पहाटे लवकर उठून जावे लागते, एवढीच त्याची मागणी.

वेचणीचे काम मुख्यतः बायकांचे आणि मुलांचे. उन्हे चढण्याआधी टोपल्या घेऊन झाडाखाली बसायचे, दोन्ही हातांनी फुले गोळा करायची आणि अस्वलाचा वावर असलेल्या रानात कान उघडे ठेवायचे, कारण मोहाच्या गोडीवर अस्वलाचाही जीव आहे. शेतातल्या आणि बांधावरच्या झाडांची मालकी सरळ असते. रानातले कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. घरी आणलेली फुले अंगणात पसरतात. सकाळची मोतिया रंगाची रास दोन-तीन दिवसांच्या उन्हाने तांबूस होते, मग तपकिरी पडते, पाणी उडून जाते आणि उरते ते बेदाण्यासारखे सुरकुतलेले, चिकट, उग्र गोड वासाचे फूल, ज्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. हा वास ज्याने एकदा घेतला त्याला बस्तरच्या गावातला चैत्र डोळे मिटूनही ओळखता येतो. ही फुले भाजून खातात, चिंचोक्यांबरोबर किंवा धान्याबरोबर शिजवतात, गुरांनाही घालतात. दुष्काळात त्यांनी माणसे जगवली आहेत. दारू हा त्यांचा एक उपयोग झाला, एकमेव नव्हे, आणि हे ध्यानात घेतल्यावाचून या झाडाचा इतिहास नीट वाचताच येत नाही.

दारू गाळण्याची रीत साधी असली तरी तिच्यात नजर आणि हात दोन्ही लागतात. सुकी फुले मडक्यात पाण्यात भिजत घालतात. हवेच्या उबेप्रमाणे चार ते आठ दिवसांत ती आंबतात, वर फेस धरतो आणि मडक्याला कान लावला तर आतली चुळबूळ ऐकू येते. नंतर हे आंबवण चुलीवर चढते. त्याच्यावर दुसरे भांडे, त्यात वाफेचे थेंब झेलणारे पात्र किंवा ते बाहेर नेणारी बांबूची नळी, आणि सर्वांत वर गार पाण्याचे भांडे अशी उतरंड रचतात व सांधे मातीने लिंपतात. खालून वाफ चढते, वरच्या गार बुडाला लागून तिचे पाणी होते आणि थेंब थेंब उतरू लागते. वरचे पाणी कोमट झाले की बदलायचे, जाळ मोठा होऊ द्यायचा नाही, कारण जाळ वाढला की दारूला करपट वास येतो. पहिल्या धारेची दारू सर्वांत कडक. तिचे चार थेंब चुलीत टाकून ज्योत कशी उठते त्यावरून तिचा जोर पारखतात. नाशिकच्या वाइनरीत हेच काम तापमान राखणाऱ्या पोलादी टाक्या आणि प्रयोगशाळेतली उपकरणे करतात. इथे ते एका बाईच्या अंदाजावर चालते, आणि त्या अंदाजामागची विद्या कमी प्रतीची मानण्याचे काही कारण नाही.

सल्फीचा प्रकार याहून निराळा. कोकणात ज्याला भेरली माड म्हणतात तेच हे झाड, माशाच्या शेपटीसारख्या पानांचे, घरामागच्या परसात सरळ उंच वाढणारे. त्याला बांबूची उभी शिडी कायमची बांधलेली असते, फुलोऱ्याचा दांडा छेदून त्याखाली मडके टांगतात आणि सकाळ-संध्याकाळ रस उतरवतात. सकाळचा रस गोड आणि सौम्य असतो, दुपारपर्यंत तो आंबट नि चढणारा होतो. त्याला बाटलीत कोंडून दूरच्या बाजारात पाठवता येत नाही, म्हणून ज्याला सल्फी चाखायची त्याला तिच्या झाडापर्यंत किंवा निदान त्या दिवशीच्या आठवडी बाजारापर्यंत चालत जावेच लागते. अलीकडे बस्तरच्या सल्फीला बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगाने ग्रासले आहे. शेंड्याकडून वाळत गेलेले झाड म्हणजे त्या घराची रोजची मिळकत आटलेली असते.

हाटात, म्हणजे आठवडी बाजारात, या पेयांची रांग बहुधा एका कडेला, झाडांच्या सावलीत भरते. विकणाऱ्या बायका, समोर मडकी, शेजारी पानांच्या दोन्यांची चवड. दोना हातात आला की पिण्यापूर्वी चार थेंब जमिनीवर सांडण्याची रीत आहे, ते पितरांचे आणि देवाचे. जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी, नवे धान्य, यांपैकी कोणताही प्रसंग मोहावाचून पुरा होत नाही. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ मध्ये बस्तरच्या माडिया गोंडांवर आणि व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये मुरियांच्या घोटुलावर, म्हणजे तरुणांच्या सामूहिक गृहावर, ग्रंथ लिहिले, त्या काळापासून अभ्यासक या पेयाचे समाजातले स्थान नोंदवत आले आहेत. वाइनरीत पाहुणा चव घेतो तेव्हा तो गिऱ्हाईक असतो. इथे पहिला वाटा पितरांचा असल्यामुळे नंतर येणारा प्रत्येक जण, परका असो की घरचा, पाहुणाच ठरतो.

राज्यकर्त्यांची नजर मात्र निराळी होती. इंग्रजी अमलात दारू हे महसुलाचे मोठे साधन बनले आणि घरी गाळलेली प्रत्येक बाटली तिजोरीला लागलेली गळती मानली गेली. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठीच कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या आदिवासींना आपल्याच दारातली फुले गोळा करणे आणि साठवणे त्याने अवघड करून टाकले. ज्या फुलाने पोट भरत होते ते फूल बाळगणेच संशयाचे ठरले, हा अन्याय विसरण्याजोगा नाही. छत्तीसगडात आज आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरासाठी पाच लिटरपर्यंत दारू बाळगण्याची मुभा आहे, विक्रीची नाही. आणि राज्यातली दारूची दुकाने २०१७ पासून सरकारी महामंडळ स्वतः चालवते.

बस्तरच्याच रानाच्या पश्चिम अंगाला, महाराष्ट्राच्या हद्दीत, कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत, गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने आणि गावोगावच्या स्त्रियांच्या बळावर उभ्या राहिलेल्या दारूमुक्तीच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी झाली. मोहाचे गुण गाणाऱ्या लेखणीने या स्त्रियांचे म्हणणे टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार खाणारी बाई, रिकामी चूल, कर्जात गेलेली जमीन हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सणाला आणि देवाला लागणारी दारू निराळी आणि रोज संध्याकाळी विकत घेतली जाणारी दारू निराळी, हा भेद आदिवासी समाजाने स्वतः केलेला होता. तो पुसला गेला तो पेय जेव्हा विक्रीचा माल झाला तेव्हा. म्हणूनच बस्तरच्या रानात उद्या कोणी नाशिकच्या नमुन्यावर चव-दालने बांधू लागला, तर ती उत्साहाने उभारण्याची घाई करू नये. या मुलखाचा फेरफटका पहाटेच्या वेचणीपाशी, सुकवणीच्या अंगणापाशी, सल्फीच्या शिडीपाशी सुरू होऊ शकतो, आणि दोना पुढे करायचा की नाही हे यजमान घरातल्या बाईने ठरवावे.

बाहेरच्या जगाला या फुलाची ओळख हळूहळू पटते आहे. २०२१ मध्ये कोरबा आणि सरगुजा भागातल्या रानांतून गोळा केलेली सुकी मोहफुले समुद्रमार्गे फ्रान्सला रवाना झाली. तेरवार हा शब्द ज्या देशाने जगाला दिला, त्या देशाने छत्तीसगडच्या मातीचे फूल मागवावे, ही आनंदाची गोष्ट आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा देऊन ती आदिवासी बचतगटांकडून तयार करून घ्यायला प्रारंभ केला आहे. छत्तीसगडात लघुवनोपज संघ, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या इतर मालाची खरेदी करणारी सहकारी संस्था, झाडाखाली जाळी बांधून फुले वरच्या वर झेलण्याची पद्धत पसरवतो आहे. एरवी फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि त्या आगी रानात पसरतात. जाळीमुळे ती आग टळते, फुलाला माती लागत नाही आणि खाण्याच्या प्रतीचा माल म्हणून त्याला अधिक दर मिळतो.

एका जागी मात्र व्यवहार अजून उलटाच चालतो. सुक्या मोहाचा आधारभाव किलोला १७ रुपयांवरून ३० रुपयांवर गेला, तरी फुले कोरडी साठवायला जागा नसल्याने अनेक घरे ती वेचणीच्या हंगामातच विकून टाकतात आणि पावसाळ्यात, सणासुदीला लागतात तेव्हा, तीच फुले व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने परत घेतात. रायपूरहून बस्तरकडे जाणाऱ्या प्रवाशांचा पैसा या मुलखात यायचा असेल, तर तो आधी वेचणाऱ्या बायकांच्या गटांच्या हाती यावा आणि त्यातून गावातच ओल न धरणारी कोठारे बांधली जावीत. मार्चमध्ये वेचलेले फूल श्रावणापर्यंत ज्या घराच्या ताब्यात राहील, त्या घराला त्याचा भाव स्वतः सांगता येईल.