बियाची शिदोरी

पेरणीच्या आठवडाभर आधी मी गोणपाटाचा तुकडा भिजवतो. त्यावर घरच्या सोयाबीनचे 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडतो, वर दुसरा ओला तुकडा झाकतो आणि गुंडाळी करून सावलीत ठेवतो. पाच-सहा दिवसांनी उलगडून मोड मोजतो. 70 च्या वर भरले की बी पेरायला घेतो. त्या गुंडाळीत पाण्याशिवाय काहीच नसतं. तरी दाणा फुगतो, मूळ सोडतो. याचा अर्थ मला उशिरा उमगला, आणि तोही दुबार पेरणी करून.

त्या मृगात आमच्या औशाकडच्या काळ्या रानात वाफसा उत्तम होता, पण चाड्यावर मूठ धरायला बाई एकच मिळाली. मी युरिया बियातच कालवला आणि एका चाड्यातून पेरून टाकला. आठव्या दिवशी तासंच्या तासं मोकळी. उकरलं तर दाणे फुगलेले, पण मुळाची टोकं तपकिरी, करपलेली.

युरियात 46 टक्के नत्र. ओल्या मातीत त्याचा अमोनिया होतो आणि आमच्या चुनखडीच्या, विम्ल मातीत तो वायू होऊन जास्तच सुटतो. कोवळा कोंब त्यात होरपळतो. भोवतालची ओलही खताचा क्षार धरून ठेवतो. दाण्याला ती मिळत नाही.

खरं तर दाण्याला तेव्हा खत नकोच असतं. सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिनं. दोन्ही दळांत नत्राचीच शिदोरी बांधलेली. भाताचा दाणाही पहिले दिवस पोटातल्या पिठावर काढतो. म्हणून कोकणात रोपवाटिकेला युरियाचा वरचा हप्ता रोपं पंधरा दिवसांची झाल्यावर देतात.

आता 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मी तिफण काढत नाही. 10 किलो बियाला 250 ग्रॅम रायझोबियम सावलीत हलक्या हातानं चोळतो. हेक्टरी 30 किलो नत्र आणि 60 किलो स्फुरद वेगळ्या चाड्यातून, बियाच्या बाजूला आणि खाली पाडतो.

कंधारचा मावसभाऊ महिन्याच्या पिकावर युरिया फेकायला निघाला की मी त्याला आधी एक झाड उपटायला लावतो. मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी रंग दिसला, की झाड हवेतलं नत्र स्वतः कमावू लागलंय. मग पोतं तसंच शिवलेलं घरी परत जातं.