दात बघितले, भोवरे बघितले, कान नाही बघितला

आज पिकाचं नाही, जनावराच्या कानाचं लिहितोय. लई दिवसांपासून लिहायचं होतं, पण स्वतःची चूक लिहायला हात लवकर उचलत नाही.

2022 सालचा पोळा झाला. हरण्या म्हातारा झाला होता, पवळ्याला जोडी पाहिजे होती. लम्पीची बातमी कानावर होती, बाजार कधीही बंद होतील अशी चर्चा होती. म्हणून घाईघाईनं बाजार गाठला आणि एक सहादाती बैल बघितला. आपल्या बापानं शिकवलं तसं सगळं बघितलं. दात मोजले, खूर बघितले, चालवून बघितला, पाठीवरचा आणि कपाळावरचा भोवरा बघितला. रुमालाखाली बोटं धरली आणि एक्केचाळीस हजाराला सौदा तुटला.

उजव्या कानाला भोक होतं, कडा फाटलेली. बिल्ला नव्हता. मी विचारलं तर व्यापारी म्हणला, "तारेत अडकून तुटला हो दाजी." मीबी मान हलवली. बिल्ल्यानं काय नांगर वढायचाय, असं मनात म्हणलं.

घरी आणला आणि सरळ दावणीला बांधला. आठव्या दिवशी बैलानं वैरण सोडली. अंग तापलं, दुसऱ्या दिवशी मानेवर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी आल्या. पुढचे पाय सुजले. पंधरा दिवसांनी बांधाला बांध असलेल्या आप्पांच्या गाईला तेच झालं, आणि तिचं तीन महिन्यांचं वासरू सहा दिवसांत गेलं. गाय वाचली, पण दुधावरून उतरली ती उतरलीच. आप्पांच्या घरातला रोजचा किराणा त्या दुधावर चालायचा.

डॉक्टर आले. त्यांनी मला तीनच गोष्टी विचारल्या. हा बैल कोणत्या गावचा? त्याला लस कधी टोचली? त्याच्याबरोबर एका गाडीत आलेली बाकीची जनावरं कुठं गेली?

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. बैलाचे दात किती ते सांगता येत होतं, गाव सांगता येत नव्हतं. माझ्याकडं फक्त व्यापाऱ्याचा चेहरा होता, आणि तोवर बाजार बंद झाले होते.

डॉक्टर म्हणले, "नंबर असता तर दोन मिनिटांत मूळ गाव कळलं असतं. तिकडच्या दवाखान्याला फोन केला असता. आजार निघाला असता तर त्या गावाच्या पाच किलोमीटरच्या आत लसीकरण सुरू झालं असतं. आता ते गाव आपल्याला माहीतच नाही."

मी त्या रात्री झोपलो नाही. माझ्या बैलानंच आजार आणला असं छातीठोक सांगता येत नाही, कारण लम्पी माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. तो दुसऱ्या वस्तीवरून आला असेल. पण नाही आणला असंही मला आजवर सांगता आलेलं नाही. नंबर असता तर माझा दोष तरी कळला असता, नाहीतर मी सुटलो तरी असतो. आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. वासराचे सरकारी सोळा हजार त्यांना पंचनाम्यावर मिळाले. पण वर्षभर ते माझ्या बांधावर चहाला आले नाहीत.

आता घोड्याचं सांगतो, मग कळेल हे सगळं का आठवलं. मागच्या लग्नसराईत आमच्या वस्तीवर नवरदेवाची घोडी आली होती. पांढरी शुभ्र, झूल घातलेली. घोडीवाला बोलता बोलता म्हणला, या महिन्यात तीन जिल्हे झाले. त्याच्याकडं घोडीचं रक्त तपासल्याचा कागद होता. घोड्यांना ग्लँडर्स नावाचा रोग होतो. तो माणसालाही होऊ शकतो, त्याला लस नाही, आणि जनावर बाधित निघालं की त्याला दयामरण द्यावं लागतं. म्हणून तपासणी. कागदावर लिहिलं होतं, "रंग पांढरा, मादी."

मी म्हणलं, पाहुणे, कागदावरची घोडी हीच कशावरून? तो हसला. म्हणला, "पांढऱ्या घोड्या सगळ्या सारख्याच दिसत्यात की." त्याची चूक नाही. पण बघा, तपासणी एका घोडीची आणि कागद दुसरीच्या गळ्यात, असं झालं तर ती तपासणी कुणाच्या कामाची?

आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी चिपची माहिती दिली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते. घोड्याच्या मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली जाड सुईनं टोचतात. आत बॅटरी नसते. वाचायचं यंत्र जवळ नेलं की पंधरा आकडी नंबर दिसतो, बस्स. घोडा कुठं फिरतोय हे ती चिप सांगत नाही, हा घोडा कोण एवढंच सांगते. ती पडत नाही, तारेत अडकत नाही, कुणाला सहज कापून काढता येत नाही. चांगल्या घोड्यांचा पासपोर्ट पण असतो, आणि त्यात अंगावरचे पांढरे ठिपके, पायाचे पट्टे आणि भोवरे चित्रात काढलेले असतात. हे ऐकून मला हसू आलं. आपण भोवरा बघतो तो लाभ-अलाभासाठी. ते बघतात ओळख पटवण्यासाठी. भोवरा तोच, कामाला मात्र त्यांनी लावला.

घोड्याचा आजार किती पळतो बघा. 2008 साली जम्मूकडं कटऱ्याला घोड्या-खेचरांत फ्लू सुरू झाला आणि काही महिन्यांत अनेक राज्यांत गेला. घोडा गाडीत बसून जातो, आजार त्याच्याबरोबर तिकीट न काढता जातो. आणि अजून एक गंमत, गाईच्या लम्पीची देशी लस तयार करण्यात पुढं होतं ते हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, म्हणजे घोड्यांची संस्था. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेबरोबर त्यांनी ती केली.

आपल्याकडं घोडे थोडे, पण फिरणारे बैल मोप. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागातून दिवाळीच्या आगेमागे टायरगाड्या निघतात. माझ्याच भावकीतली चार घरं ऊसतोडीला जातात. एकेका तळावर दहा गावचे बैल शेजारी शेजारी बांधलेले असतात, एकाच हौदाला पाणी पितात. उन्हाळ्यात तेच बैल दहा गावांत परत येतात. त्या बैलांच्या कानात नंबर नसला तर आजार कुठून कुठं गेला हे देवालाच माहीत.

आपला बिल्ला बारा आकडी असतो. नंबर भारत पशुधन प्रणालीत चढतो, त्यावर मालक, गाव, लस सगळं दिसतं. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही असा नियम आहे. नियम आहे म्हणून नको, आप्पाच्या वासरासाठी म्हणून पाळा.

मी आता काय करतो ते सांगतो.

पैसे द्यायच्या आधी बारा आकडे स्वतः वाचतो आणि डॉक्टरांना फोनवर सांगतो. नोंदीत बैल लिहिलाय आणि समोर गाय उभी, असं पण निघतं.

घेतल्यावर आठ दिवसांत नोंद माझ्या नावावर करून घेतो. बिल्ला माझ्या दावणीला आणि नाव जुन्या मालकाचं, तर तो नंबर खोटंच बोलणार.

नवीन जनावर चार आठवडे वेगळं बांधतो. दावण वेगळी, घमेलं वेगळं.

कान चिघळला म्हणून बिल्ला कापत नाही. मी एकदा हरण्याचा कापलाय, तेही कबूल करतो. शिरा चुकवून कानाच्या मधोमध टोचला आणि आठ दिवस औषध लावलं तर किडे पडत नाहीत. तुटला तर दवाखान्यात जाऊन नवीन मारून घेतो आणि जुना नंबर सांगतो.

तो बैल वाचला. अंगावर डाग राहिलेत, काम चांगलं करतो. बिल्ला घातलाय. यंदा पोळ्याला आप्पा आले, बैलाला पुरणपोळी दिली, आणि जाताना त्याचा कान हातात धरून नंबर वाचला. बोलले काही नाहीत. मीबी नाही बोललो. चहा मात्र घेतला.

तुमच्या दावणीत बिल्ला नसलेलं जनावर असेल तर या आठवड्यात दवाखान्यात जाऊन या. रामराम.