प्याल्याच्या आधी

वीस वर्षं मी एकच भाषण केलं आणि ते अर्धवट केलं. दोन ऑक्टोबरला दिग्रसमध्ये किंवा आसपासच्या गावात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम असला की मला बोलावणं यायचं. मी गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा विषय काढायचो. हुशार वकील सुधाकराची दारूनं कशी राखरांगोळी केली, त्याच्या बायकोवर, सिंधूवर दळणं दळायची पाळी कशी आली, हे सांगताना माझा आवाज चढायचा. मी स्वतः थेंबाला शिवलो नाही. त्यामुळं सुधाकराशी आपलं काही नातं नाही, अशी खात्री होती.

मग एका हंगामात कापूस घेऊन बाजारात गेलो. व्यापाऱ्यानं ओलावा सांगून भाव पाडला आणि वर चार लोकांत एक शब्द टाकला. मी भरलेली गाडी तशीच घरी वळवली. बायको दारात उभी होती. म्हणाली, “कापूस तं वापस आनला, आता राग कोनत्या बजारात इकता?” मार्चपर्यंत कापूस पिवळा पडला, वजन घटलं, त्याहून कमी भावात द्यावा लागला. मुलीच्या प्रवेशाचे पैसे हातउसने आणले.

त्या उन्हाळ्यात नाटक पुन्हा वाचलं, या वेळी भाषणासाठी नव्हे. सुधाकराच्या हाती प्याला येण्याआधीच घात झालेला आहे. भर कोर्टात मुन्सफाशी त्याचा तोल जातो, सहा महिन्यांसाठी सनद जाते. त्याचा कारकून तळीराम पेला पुढं करतो तो त्यानंतर. पुढं मानाच्याच भरात सुधाकर सिंधूकडून शपथ घेतो, माहेरचा पैसा घ्यायचा नाही म्हणून. दारू सोडून नोकरी मागायला निघतो, तिथं अपमान होतो, की पुन्हा प्याला. दर वेळी मान दुखावतो आणि रात्र मध्ये जाऊ न देता निर्णय होतो. देवलांच्या नाटकातला झुंझारराव तर शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचाच मराठी अवतार. बायकोचा जीव घ्यायला त्याला दारू लागत नाही. संशय आणि घाई पुरते.

गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला वारले, आपल्याच विदर्भात. महिनाभरानं बडोद्याला गंधर्व मंडळीनं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं, सिंधू झाले बालगंधर्व. शंभर वर्षं आपण त्यातून दारूची भीती घेतली. मीही तेवढीच घेतली, कारण ती मला सोयीची होती. न पिणाऱ्याला त्या नाटकात आरसा दिसत नाही.

दारू वाईटच, ते मी अजूनही सांगतो. पण आता भाषण प्याल्यापासून नाही, कोर्टापासून सुरू करतो. आणि त्याच्याही आधी माझ्या कापसाची गोष्ट सांगतो.