बैठक

आम्ही दोघे नवरा-बायको मराठी शिकवतो. एकाची नोकरी परभणीत, दुसऱ्याची गंगाखेडला. मधले सुमारे ४० किलोमीटरचे अंतर आमची जुनी मारुती ८०० रोज कापते. या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आमची अजून धावते, याचा आम्हांला नको तेवढा अभिमान आहे.

मागल्या उन्हाळ्यात गिअर टाकला की पुढून 'धप्' असा आवाज येऊ लागला. आम्ही सवयीने रस्त्याला बोल लावला. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे डांबर तिच्यासोबत हेलकावत राहते. पण चाचांनी बॉनेट उघडले, आम्हांला ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायला सांगितले आणि इंजिन जागच्या जागी उचलले जाताना दाखवले. "सर, फाउंडेशन गया."

गॅरेजमध्ये इंजिन माउंटिंगला फाउंडेशन म्हणतात. दोन धातूंच्या मध्ये धरलेले रबर, एवढाच तो पाया. इंजिनाने हलावे, पण त्याची थरथर माणसांपर्यंत पोचू नये, ही त्याची कामगिरी. १९३१ साली अमेरिकेत प्लिमथ मोटारीचे इंजिन असे रबरावर टेकवले गेले, तेव्हा 'फ्लोटिंग पॉवर' म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला होता. आमच्या गाडीला तर याची गरज अधिकच. तिचे इंजिन तीन सिलिंडरांचे. त्यात वर-खालचे धक्के एकमेकांना बरेचसे सावरतात, पण दोन टोकांचे पिस्टन इंजिनाला झुलवत राहतात. उष्णतेने आणि झिरपलेल्या तेलाने आमचे रबर चिरफाळून गेले होते.

नवी माउंटिंग बसली त्या दिवशी दुपारी आमच्यापैकी एकाला परीक्षेचे पर्यवेक्षण होते. चाचा म्हणाले, "थोडी देर चालू रहने दो. बैठने दो, फिर कसता हूँ." आम्ही घड्याळ दाखवले. "चाचा, आता कसूनच टाका." त्यांनी एकवार आमच्याकडे पाहिले आणि बोल्ट कसले.

गाडी धावताना काही जाणवत नव्हते. पण कुठे थांबलो की स्टिअरिंग थरथरे, आरशातली मागची मोटारसायकल दोन दिसे. पूर्वी असे कधी झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही चाचांकडे गेलो आणि शब्दांचे वजन वर्गात शिकवणाऱ्या आम्ही, त्यांच्या पोरांदेखत, त्यांना म्हणालो, "लोकल माल घालून ओरिजिनलचे पैसे घेतलेत." चाचा बोलले नाहीत. गल्ल्यातून मजुरीचे पैसे काढून त्यांनी बॉनेटवर ठेवले. आम्ही ते उचललेही.

पुढे नांदेडला एका मिस्तरीने गाडी पाहिली. माल चांगला आहे, म्हणाला. रबर मात्र पिळलेल्या अवस्थेत कसले गेले आहे. इंजिन आपल्या जागी येण्याआधीच बोल्ट आवळले, की रबराला हलायला वाव राहत नाही आणि सगळी थरथर सरळ बॉडीत उतरते. त्याने बोल्ट थोडे सैल केले, इंजिन काही मिनिटे चालू ठेवले, बंद केले आणि पुन्हा कसले. थरथर बरीच निवली. "कुणी बसवली होती? एवढे कसे चुकले?" त्याने विचारले. आम्ही उत्तर दिले नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. आमची आजी टाकी लावून आणलेल्या जात्यावरचे पहिले पीठ घरात कुणाला वाढत नसे. त्यात कच असते, दगड दगडावर बसायला वेळ लागतो, म्हणे. जनाबाईच्या गंगाखेडात जात्याविषयी दरवर्षी तासभर बोलणाऱ्या आम्हांला हे ठाऊक नव्हते, असे कसे म्हणावे?

दुसऱ्या सकाळी चाचांकडे गेलो. तीच पोरे होती, म्हणून मुद्दाम मोठ्याने सांगितले, "चूक घाईची होती आणि घाई आमची होती." पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजून गल्ल्यात टाकले, बॉनेट उघडले, इंजिन सुरू करून त्यावर तळवा ठेवला. "नया रबर है, थोडा कांपेगा. तीन सिलिंडर है, वो तो कांपेगाच." मग एका पोराला चहा आणायला पिटाळले.

चहा येईपर्यंत आम्ही घड्याळाकडे पाहिले नाही.