टेबलातली खिडकी आणि आमची देवरी

मुलांनो, नागपूरहून रायपूरकडे निघालात की वाटेत आमची देवरी लागते. गोंदिया जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं. या रस्त्याचा नंबर पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. ट्रकवाले इथं चहा पितात आणि भुर्रकन निघून जातात. त्यांची देवरी एवढीच! मग गाव नीट बघायचं तरी कसं? त्यासाठी एका गमतीदार टेबलाची गोष्ट ऐका.

आपल्या घरातली यंत्रं कामाची असतात. मिक्सर वाटण वाटतो, इस्त्री कपडे कडक करते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले बिल गेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात आलं, घरात एखादं यंत्र नुसतं रमण्यासाठी का असू नये? त्यांनी 'ड्रिफ्ट टेबल' बनवलं आणि २००४ साली त्याची माहिती जगापुढं मांडली. ड्रिफ्ट म्हणजे तरंगत जाणं. दिसायला बैठकीतलं बुटकं टेबल, पण मधोमध छोटीशी गोल खिडकी! तिच्यात आकाशातून टिपलेली ब्रिटनची जमीन हळूहळू सरकत राही. एका बाजूला पुस्तकं ठेवली, की चित्र त्या दिशेला निघे. वजन वाढवलं, की फुगा खाली उतरावा तशी जमीन जवळ येई. हे टेबल त्यांनी एका घरी राहायला दिलं. त्याचं काय करायचं, ते मात्र सांगितलं नाही! घरातले लोक त्यातून आपल्या ओळखीच्या गावांना जाऊ लागले. घाई केली तर उपयोग नाही बरं का, टेबल आपल्याच चालीनं जाणार.

असलं टेबल आपल्याला कुठून मिळणार? पण पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून कितीतरी खेळणी करून दाखवली. आपणही तसंच करू.

मोठ्या कागदावर आपल्या गावाचा नकाशा काढा. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला मधोमध रुपयाएवढं भोक पाडा. पुठ्ठा नकाशावर ठेवा आणि मुंगीच्या चालीनं सरकवा. झालं टेबल!

चला, देवरीचा नकाशा पाहू. भोकात आधी येतो महामार्ग. जरा सरका, धानाच्या बांध्या आल्या. आणखी पुढं बाघ नदीवरचं सिरपूरचं धरण, मग मोह-तेंदूचं जंगल. पूर्वेला छत्तीसगडची हद्द. कागदावर ती जाड रेघ आहे, पण धान अलीकडे तसाच पलीकडे!

नकाशा काढताना एखाद्या बोडीचं, एखाद्या पायवाटेचं नाव आठवणार नाही. तिथं अडलात की आजी-आजोबांना विचारा. छापील नकाशांत ही नावं सहसा सापडत नाहीत. ती त्यांच्या तोंडी असतात. विचारायला कुणी गेलंच नाही, तर ती तिथंच संपतील. म्हणून नाव कळलं की लगेच नकाशावर लिहा. सुरुवात आपल्या अंगणापासून करा हं!