डग्गा कुठे गेला?

काचबिंदूने बाबांचं वाचन बंद झालं, तेव्हापासून गाणं हाच त्यांचा दिवस. त्यांचे लाकडी पेटीचे जुने स्पीकर ठणठणीत होते, रिसीव्हर तेवढा गेला होता. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवा आणला. घेताना एक गोष्ट नीट पाहिली: स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलंय, ते या रिसीव्हरला चालतं ना. ओहम कमी तेवढा स्पीकर जास्त करंट ओढतो आणि न पेलणारा रिसीव्हर तापून बंद पडतो.

रविवारी सकाळी मी प्लग काढूनच कामाला बसले. वायरचं टोक सेंटिमीटरभर सोललं, आतल्या केसासारख्या तारांना घट्ट पीळ दिला. पीळ हवाच, एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी शॉर्ट होतो. लालला लाल, काळ्याला काळी. डावा स्पीकर पाच मिनिटांत झाला. उजव्याची वायर मात्र पूर्वीच भिंतीतून नेलेली, दोन्ही तारा सारख्याच पांढऱ्या. त्या मी अंदाजाने लावल्या.

आवाज छान मोठा आला. बाबांच्या आवडीची जुनी मोनो भजनं लावली. त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली आणि थांबली.

"डग्गा कुठे गेला गं? चाट ऐकू येतेय, घुमारा नाही. आणि बुवा नक्की कुठे बसलेत?"

तीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवलेला माणूस. मला काही खटकलं नव्हतं, पण ते म्हणाले म्हणून मी पुन्हा ऐकलं आणि पटलं. आवाज खोलीभर पसरला होता, मध्ये कुणीच नव्हतं. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या होत्या. डाव्याचा पडदा हवा पुढे ढकलत होता, त्याच क्षणी उजव्याचा मागे ओढत होता. १०० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटरची. एवढ्या लांब लहरी आमच्या खोलीत एकमेकींना खाऊन टाकतात. चाटेच्या लहरी आखूड, त्या वाचतात. डग्गा जातो.

खात्री करायला उजव्याची वायर रिसीव्हरमधून सोडवली, स्पीकरची जाळी काढली आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला. सेलचं धन टोक लाल टर्मिनलच्या तारेला लागलं की पडदा पुढे येतो. पण मी सेल धरणार रिसीव्हरपाशी, पडदा बघणार कोण?

"मी आहे ना," बाबा म्हणाले. मी त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी दोन बोटं पडद्यावर अलगद टेकवली, तबल्याच्या शाईवर टेकवावीत तशी.

मी क्षणभर सेल लावला. "आत गेला." टोकं बदलली. "आता बाहेर. स्पष्ट."

आता धन टोकाला असलेल्या तारेला लाल दोऱ्याची गाठ मारली, लाल टर्मिनलमध्ये कसली आणि तेच भजन पुन्हा लावलं. बुवा दोन स्पीकरच्या मधोमध, भिंतीला टेकून बसावेत तसे बसले. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांचा डावा तळवा खुर्चीच्या हातावर घासत पुढे सरकला, मींड काढत.